वाचून दाखवणारी

रुग्णालयाच्या तळघरात धुलाईखाना होता आणि तिथल्या इस्त्रीच्या टेबलापाशी एकोणीस वर्षं एकच बाई उभी होती. तिला सगळे कडक मावशी म्हणायचे. स्वभावामुळे नव्हे, स्वभावानं ती लोणी होती. तिच्या हातून गेलेला डॉक्टरांचा कोट खुंटीशिवायही उभा राहील, असं सगळे म्हणायचे, म्हणून हे नाव. नव्यानं आलेले शिकाऊ डॉक्टर तक्रार करायचे, "मावशी, वाकता येत नाही हो या कोटात." मावशी म्हणायची, "मग ताठ उभे राहा. पेशंटला तेवढाच धीर येतो."

धुलाईखान्यात कपड्यांच्या कोपऱ्यात वॉर्डाप्रमाणे रंगीत धाग्याची खूण असायची. लाल म्हणजे शस्त्रक्रिया, हिरवा म्हणजे लहान मुलं, पिवळा म्हणजे तापाचा वॉर्ड. ज्या कुणी ही धाग्याची युक्ती काढली, त्याचं भलं होवो असं मावशी रोज मनातल्या मनात म्हणायची. कारण मावशीला वाचता येत नव्हतं.

माहेर सोडलं तर ही गोष्ट जगात फक्त एकाच माणसाला ठाऊक होती.

दुसरीत असताना धाकट्या भावंडांना सांभाळायला म्हणून तिला शाळेतून काढलं. गिरवलेली चार अक्षरं होती, तीही पुढे पुसली गेली. लग्न जमवताना तिच्या वडलांनी मुलाकडच्यांना बेधडक सांगितलं, "मुलगी सातवी पास आहे." मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री होता. वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या टेंडर नोटिशीपर्यंत वाचणारा. लग्नानंतर आठवडाभरानं चहा पिताना त्यानं तिला कामावरची एक गंमत सांगितली. एक हमाल म्हणे 'लिफ्ट बंद आहे' या पाटीखाली डोक्यावर पेटी घेऊन अर्धा तास उभा राहिला, आणि वर पाटीकडेच बघत होता! मिस्त्री हसून हसून लाल झाला. मावशीही हसली, जरा जास्तच मोठ्यानं. त्या दिवशी तिनं ठरवून टाकलं, झाकली मूठ झाकलेलीच बरी.

आणि बावीस वर्षं ती तिनं झाकून ठेवली. चष्मा कधी घरी राहायचा, कधी फुटायचा. फॉर्म असला तर हात ओले असायचे. बसचा नंबर ती ओळखायची, पाटी वाचणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरून तो किती महत्त्वाचा मजकूर आहे तेही ओळखायची. वेळ मारून नेण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

ते ओळखलं तिच्या मुलीनं, आणि तेही सहाव्या वर्षी. पोरगी अक्षरं लावायला लागली तसं तिचं तोंडच बंद होईना. दुकानांच्या पाट्या, साबणाचं वेष्टन, ट्रकच्या मागची वाक्यं, दिसेल ते मोठ्यानं. म्हणून तिचं नाव पडलं मिठू. एके दिवशी मिठूनं शाळेतून आलेली चिठ्ठी आईच्या हातात दिली. आईनं ती नीट बघितली, मान डोलावली आणि म्हणाली, "छान." चिठ्ठीत लिहिलं होतं की मुलगी वर्गात फार बडबड करते. मिठू बराच वेळ आईकडे बघत राहिली. मग तिनं चिठ्ठी परत घेतली, आईच्या कुशीत शिरली आणि कानात ती वाचून दाखवली. पुढे चौदा वर्षं हे असंच चालू राहिलं. औषधाची वेष्टनं, विजेचं बिल, धुलाईखान्यातल्या सूचना, सगळं मिठू वाचायची, तेही अशा बेतानं की बाबांना वाटावं पोरगी उगाच बडबडतेय. दोघींचं ते गुपित होतं. एकदा मिठूनं पाटी आणि खडूही आणला होता. "आई, रोज दोन अक्षरं. दोनच." मावशी म्हणाली, "दिवसभर उभी असते गं मी. आणि तू आहेस की."

मिठू विसाव्या वर्षी गेली.

तेही नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या एका दुपारीत आहे. मिठूला सकाळी ताप आला. ती स्वतःच कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन आली. हातात गोळ्या आणि एक छापील कागद. गोळ्या कशा घ्यायच्या ते तिनं आईला सांगितलं. मावशीनं विचारलं, "आणि कागदावर काय आहे?" मिठू म्हणाली, "नंतर सांगते आई. डोळे फार दुखतायत." आणि ती झोपली. मावशीनं कामावर निरोप धाडला आणि उशाशी बसली. दुपारी बाराला मिठूला उलटी झाली. मग तिनं पडदा ओढायला सांगितलं, उजेड टोचतोय म्हणाली. मग दंडावर जांभळट ठिपके दिसले. मावशीला वाटलं, उष्णतेनं उठलं असेल. ती ओल्या पट्ट्या बदलत राहिली. कागद टेबलावर, पाण्याच्या तांब्याखाली.

मिस्त्री पाच वाजता आला. त्यानं तांब्या उचलला, कागद वाचला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. कागदावर लिहिलं होतं की उलटी झाली, उजेड सहन होईनासा झाला, अंगावर जांभळे ठिपके उठले, तर क्षणभरही न थांबता रुग्णालयात न्या. त्यांनी नेलं. तापाच्या वॉर्डात मिठू तीन दिवस होती. डॉक्टर म्हणाले की हा आजार फार झपाट्यानं चढतो, चार-पाच तासांनी फरक पडला असता की नाही हे कुणीच सांगू शकणार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर मिस्त्रीनं एकच प्रश्न विचारला. "तू तो कागद वाचला नव्हतास?"

तोंडात उत्तर होतं. साधं, खरं. पण बावीस वर्षांची सवय लागलेली जीभ आपल्याआधी धावते. मावशी म्हणाली, "वाचला होता. पण इतकं काही असेल असं वाटलं नाही."

मिस्त्रीनं मान खाली घातली. त्यानंतर सहा महिने तो तिच्याशी बोलला नाही. भांडला नाही, ओरडला नाही. चहाचा कप समोर आला की घ्यायचा, रिकामा झाला की ठेवायचा. निघताना दार हळू ओढून घ्यायचा. त्या दाराचा आवाज झाला असता, आदळलं असतं, तर मावशीला बरं वाटलं असतं.

मावशी कामावर परतली. कोट पुन्हा उभे राहायला लागले. पण पिवळ्या धाग्याचे अभ्रे हातात आले की तिचा हात थांबायचा. इस्त्री अभ्र्यावर तशीच, आणि ती कोपऱ्यातला धागा बघत उभी. एका महिन्यात तिनं अकरा अभ्रे जाळले. धुलाईखान्याचा मुकादम हा खरं तर फाटक्या तोंडाचा माणूस. बारावा अभ्रा जळाला तेव्हा त्यानं तो तिच्या हातातून काढून घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "मावशी, वरच्या मजल्यावर बोलायच्या बाई आहेत ना, त्यांच्याकडे जाऊन या. मी इथे बघतो."

बोलायच्या बाई म्हणजे रुग्णालयाच्या समुपदेशक. दाराबाहेरच्या पाटीवर मोठा शब्द होता, पण खालच्या मजल्यांवर हेच नाव चालायचं. पस्तिशीतली बाई, खोलीत दोन खुर्च्या, एक खिडकी आणि पुस्तकांचं एक कपाट. मावशी पहिल्या दिवशी तासभर बसली आणि फक्त एवढंच म्हणाली, "मुलगी गेली. अभ्रे जळतात." बाईंनी घाई केली नाही. तिसऱ्या भेटीत मावशी थोडी बोलली, चौथ्या भेटीत रडली. पण कागदाचं काही तिनं सांगितलं नाही.

पाचव्या भेटीत बाईंनी कपाट उघडलं आणि चार पुस्तकं टेबलावर ठेवली.

"मावशी, मी काही सगळ्यांना पुस्तकं देत नाही. तुम्हाला देते, कारण आठवड्यात एक तास मी असते, बाकीचा वेळ तुम्ही एकट्या असता. हे निळं आहे ना, ते मागे राहिलेल्या माणसांविषयी आहे. हे बारीक पुस्तक झोपेसाठी आणि श्वासासाठी. हे एका आईनं लिहिलंय, तिचा मुलगा गेला होता. आणि या चौथ्यात रिकाम्या जागा आहेत, आपण लिहायच्या. औषधासारखं घ्या. रोज दोन पानं. जास्त नको."

मावशी त्या चार पुस्तकांकडे बघत राहिली. तिला हसू आलं की काय आलं ते तिलाच कळलं नाही. वाचून दाखवणारी गेली म्हणून तर ती इथे आलेली, आणि बाई म्हणतात, वाचा.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. चष्मा बदलायला झालाय," मावशी म्हणाली, आणि पिशवी पुढे केली.

घरी तिनं पुस्तकं खिडकीशी ठेवली. इस्त्रीच्या कपड्यांना लावतात ती पुठ्ठ्याची चिठ्ठी तिनं निळ्या पुस्तकात खुणेला घातली आणि दर दोन दिवसांनी ती पुढे सरकवायला लागली. भेटीला गेली की बाई विचारायच्या, "कसं वाटतंय वाचून?" मावशी म्हणायची, "पटतं. पण सगळंच पटतं असं नाही." हे उत्तर बिनचूक चालतं, तिचा अनेक वर्षांचा अनुभव होता. बाई मान डोलवायच्या, "अगदी बरोबर. सगळं पटायलाच हवं असं नाही."

मात्र मिस्त्री घरात नसला की मावशी कधीकधी पुस्तक उघडून मांडीवर घ्यायची आणि नुसती बसायची. त्या आईनं लिहिलेल्या पुस्तकावर लेखिकेचा फोटो होता. साधी, थकलेली बाई. मावशी त्या फोटोला म्हणायची, "तुम्ही काय म्हणताय ते मला ऐकायचंय हो. खरंच ऐकायचंय."

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मावशी भांडी घासत होती. मिस्त्रीचं वर्तमानपत्र आलं नव्हतं. वाचायची सवय असलेल्या माणसाला हात रिकामे ठेवता येत नाहीत. त्यानं खिडकीतलं निळं पुस्तक उचललं आणि चाळायला लागला. मधेच एका पानावर बाईंनी हातानं लिहिलेली चिठ्ठी डकवलेली होती. 'मावशी, हे प्रकरण आत्ता वाचू नका. आधी माझ्याशी बोला, मग आपण दोघी मिळून वाचू.' आणि मावशीची खुणेची चिठ्ठी त्याच्या तीस पानं पुढे.

मिस्त्री पुस्तक घेऊन मोरीपाशी आला. सहा महिन्यांनी त्यानं तोंड उघडलं, आणि आवाज असा आला की जणू गंजलेलं दार.

"बाईंनी इथे लिहिलंय, वाचू नका. तरी तू पुढे गेलीस."

मावशीचे हात साबणात तसेच राहिले.

"कागदावर लिहिलेलं पाळायचंच नाही, असं ठरवलंयस का तू?" मिस्त्रीचा आवाज चढला. "तेव्हाही वाचलंस आणि बसून राहिलीस. आताही तेच. अगं, कुणीतरी काही कारणानं लिहितं ना! लिहिलेलं असतं ते!"

"मला वाचता येत नाही," मावशी म्हणाली.

"काय?"

"मला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं."

मिस्त्रीला वाटलं, ही आता सुटका करून घ्यायला नवं काहीतरी काढतेय. त्यानं पुस्तक तिच्या तोंडासमोर धरलं. "हे वाच."

"नाही येत हो."

"एक शब्द. हा. हा वाच."

मावशीनं बघितलं. ओल्या हातांनी पदराचं टोक धरून, शाळेत उभं केल्यासारखी ती त्या पानाकडे बघत राहिली. तिचे डोळे ओळीवर फिरत नव्हते, पानावर कुठेतरी मधोमध थांबले होते. वाचणाऱ्या माणसाला ते लगेच कळतं. मिस्त्रीलाही कळलं. त्याचा हात हळूहळू खाली आला.

"मग तो कागद?"

"तुमची मिठू झोपली होती," मावशी म्हणाली. "मला वाटलं, ती उठली की वाचून दाखवेल."

मिस्त्री जमिनीवर बसला. मोरीच्या उंबऱ्यावर, ओल्यात. मग त्यानं विचारलं, "तिला माहीत होतं?"

"सहा वर्षांची होती तेव्हापासून."

"आणि मला नाही सांगितलंत."

"तुम्ही त्या हमालाची गोष्ट सांगितली होतीत ना. लिफ्टच्या पाटीखालच्या. लग्नानंतर."

"कुठला हमाल?" मिस्त्री म्हणाला. त्याला ती गोष्ट आठवतच नव्हती.

तो उठला, चपला घातल्या आणि गेला. दोन दिवस घरी आला नाही. मावशीनं शोधलं नाही. तो कुठे असेल ते तिला माहीत होतं. कामाच्या जागी, छताच्या वरच्या यंत्रखोलीत. चिडला की तो तिथेच जाऊन तेलपाणी करत बसायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला. दाढी वाढलेली, हाताला ग्रीस. मावशीनं चहा टाकला. तो कप हातात घेऊन म्हणाला, "सहा महिने मी तुला मनातल्या मनात रोज फासावर देत होतो. रोज. जेवताना, कामावर, लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना. आणि तू तोंडातून एक अक्षर काढलं नाहीस."

"काढून काय सांगणार होते?" मावशी म्हणाली. "बेफिकीर म्हणून मारलंत काय आणि अडाणी म्हणून मारलंत काय. पोरगी गेलीच."

त्यानं चहा संपवला. मग खिडकीतून निळं पुस्तक आणलं, पहिलं पान काढलं, घसा साफ केला आणि वाचायला लागला.

मिस्त्रीला मोठ्यानं वाचायची सवय नव्हती. लिफ्टमधल्या सूचना वाचाव्यात तसा तो वाचायचा, एका सुरात, प्रत्येक ओळीनंतर थांबून. 'दुःखाला. वेळ द्यावा लागतो. आपण आपल्या भावनांना. नकार देऊ नये.' मावशी एकदा म्हणाली, "अहो, दार बंद करा, जाळीला टेकू नका, असंही लिहिलंय का त्यात?" मिठू गेल्यापासून त्या घरात कुणाच्या ओठाचा कोपरा पहिल्यांदाच हलला, आणि लगेच दोघांनीही दुसरीकडे बघितलं.

तो कामावरून आला की रोज दोन पानं. काही पानं निरर्थक वाटायची. काही पानांवर मिस्त्री मधेच पाणी प्यायला उठायचा आणि पुस्तक तसंच राहायचं. बाईंनी चिठ्ठी लावलेलं प्रकरण त्यानं ओलांडलं. तिथे पोहोचल्यावर तो म्हणाला, "हे नंतर," आणि पुढचं पान काढलं.

असे बारा-तेरा दिवस गेले. एका संध्याकाळी वाचन संपल्यावर मावशी उठली नाही. म्हणाली, "अजून एक गोष्ट आहे. ती मी कुणालाच सांगितलेली नाही."

मिस्त्रीनं पुस्तक मिटलं.

"त्या दुपारी दोन वाजता मी कागद घेऊन शेजारच्या दारापर्यंत गेले होते. त्यांच्याकडून वाचून घ्यावा म्हणून. बेलवर बोट ठेवलं. मग वाटलं, शेजाऱ्यांना कळेल. मग तुम्हाला कळेल. मी परत आले. दोन वाजता, हो. पाच नाही, दोन. तीन तास अलीकडे."

मिस्त्री उठला. त्यानं दोन्ही कप उचलले, धुतले, पुसले, पालथे घातले. मग परत धुतले. त्या रात्री दोघं भिंतीकडे तोंड करून पडले. आपण हे सांगायला नको होतं, असं मावशीला वाटलं. सगळं सांगितलं की हलकं वाटतं असं बोलायच्या बाई म्हणायच्या. तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. फक्त आता ती बेल दोघांच्या छातीवर होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री वेळेवर आला. चहा झाला. त्यानं पुस्तक उघडलं, खुणेचं पान काढलं, आणि त्या दिवशी तो फार सावकाश वाचायला लागला.

"'काही घरांत. एखादी गोष्ट सांगायची इतकी भीती असते. की माणूस शेजारच्या दारातून परत येतो.'" तो थांबला. पान तेच होतं, त्यानं उलटलं नव्हतं. "'ती भीती त्या बाईनं एकटीनं आणलेली नसते. घरातल्या दुसऱ्या माणसानं कधीतरी हसून ती आणून ठेवलेली असते. आणि मग तो विसरून जातो. त्याला बावीस वर्षांत जे दिसलं नाही, ते सहा वर्षांच्या पोरीला दिसलं. तेव्हा त्या बेलवरचं बोट. एकट्या बाईचं नव्हतं.'"

मावशी त्याच्याकडे बघत होती. तो पुस्तकाकडे बघत होता. त्याचे डोळे ओळीवर फिरत नव्हते, पानावर कुठेतरी मधोमध थांबले होते.

"'शक्य असेल तर. त्या माणसाला माफ करावं,'" मिस्त्री म्हणाला, आणि पुस्तक मिटलं. "आज एवढंच आहे."

"बरं," मावशी म्हणाली.

पुढच्या भेटीला ती निळं पुस्तक घेऊन बोलायच्या बाईंकडे गेली. खुणेची चिठ्ठी तिनं त्या पानात नीट घातली होती. ते पान उघडून तिनं टेबलावर ठेवलं.

"बाई, आधी एक सांगते. मला वाचता येत नाही. इतके दिवस तुम्हाला फसवलं."

बाईंचा चेहरा उतरला. "मावशी... हे मी विचारायला हवं होतं. पहिल्याच दिवशी."

"विचारलं असतंत तरी मी खोटंच सांगितलं असतं. ते राहू द्या. एवढं पान वाचून दाखवा."

बाईंनी वाचलं. त्या पानावर जेवणाच्या वेळा पाळण्याविषयी होतं. रोज थोडं चालावं, दुपारी फार झोपू नये, शक्यतो कुणाच्या तरी सोबतीनं चालावं. पान संपलं.

"अजून काही? खाली, कोपऱ्यात?"

"नाही. एवढंच आहे."

"शेजारच्या दाराचं काही नाही?"

"नाही मावशी. का?"

मग मावशीनं सगळं सांगितलं. कागद, तांब्या, बाकावरचं खोटं, बेल, आणि काल-परवा पुस्तकानं काय म्हटलं ते, अक्षर न चुकता. बाईंनी पुस्तक मिटून तिच्याकडे सरकवलं.

"लवकर आणलं असतं तर वाचली असती का हो ती?" मावशीनं विचारलं.

बाई खोटं बोलू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. हे न कळणं आयुष्यभर तुमच्याबरोबर राहील."

मावशीनं मान हलवली.

"तुम्हाला कळलंय, हे त्यांना सांगणार?" बाईंनी विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली. "बावीस वर्षं मी त्यांना फसवलं. आता थोडं त्यांनीही मला फसवावं."

निळं पुस्तक संपायला हिवाळा उजाडला. चिठ्ठीचं प्रकरण तेवढं राहिलं, ते दोघांनीही पुन्हा काढलं नाही. त्या आईनं लिहिलेलं पुस्तक मिस्त्रीला अर्ध्यावर सोडावं लागलं. त्यातल्या मुलाची शाळेची वही सापडते तिथे तो थांबला, आणि मावशी म्हणाली, "पुरे. त्या बाईंचं त्यांच्यापाशी राहू दे." झोपेचं पुस्तक वाचताना मिस्त्री स्वतःच बसल्या जागी झोपायचा, तेव्हा ते कामाचं निघालं म्हणायला हरकत नाही.

कुणी विचारलं, "आता बरं वाटतं का मावशी?" तर ती म्हणायची, "जेवण जातं." त्याच्यापुढे काही नाही. अभ्रे जळायचे थांबले, कारण मुकादमानं पिवळ्या धाग्याचा गठ्ठा दुसऱ्या टेबलावर लावून दिला. मावशीनं तो परत मागितला नाही. त्या वॉर्डाचा जिनाही ती टाळायची, वळसा घालून जायची.

चौथं पुस्तक रिकाम्या जागांचं होतं. त्यात एका पानावर लिहिलं होतं, गेलेल्या माणसाला पत्र लिहा. मिस्त्रीनं ते वाचून दाखवलं आणि म्हणाला, "तू सांग. मी लिहितो."

मावशी विचारात पडली. मिठूला सांगायचं पुष्कळ होतं. पण आजवर त्या दोघींमधलं कधी कुणी तिसऱ्यानं लिहून घेतलेलं नव्हतं. "मला नाही सांगायचं," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही लिहा."

त्यानं लिहिलं. खिडकीशी बसून, पेन्सिल चावत, तीन संध्याकाळ. पान संपलं तेव्हा त्यानं समासात लिहिलं, समास संपला तेव्हा मागच्या पानावर गेला. लिहून झाल्यावर त्यानं पुस्तक मिटून खिडकीत ठेवलं आणि त्याविषयी एक शब्द बोलला नाही. मावशी ते पुस्तक परत करायला गेली तेव्हा बोलायच्या बाई म्हणाल्या, "ते राहू द्या तुमच्याकडेच."

मिस्त्रीला दाबून लिहायची सवय होती. मावशी दुपारची एकटी असली की ते पान उघडते आणि मागच्या बाजूनं बोटं फिरवते. ओळी हाताला लागतात, काही ठिकाणी कागद फाटायला आलाय, एका जागी खोडून पुन्हा खोडलंय. तिथे काय होतं, ते तिला माहीत नाही. मिस्त्रीला विचारलं असतं तर त्यानं वाचून दाखवलं असतं. तिनं कधी विचारलं नाही.